ओपीमधे व्हॅक्यूम लावताना माझं कुठं चुकलं

बाँडवर (डॉक्टर झाल्यावरची सक्तीची सरकारी नोकरी) होते तेव्हाची गोष्ट, मराठवाड्यातलंच एक उपजिल्हा रुग्णालय. अजून आठवलं की हात गार पडतात. ऊसतोडीवरून आणलेली पहिलटकरीण, पिशवीचं तोंड पूर्ण उघडून दोन तास झालेले, बाळाचे ठोके कमी व्हायला लागलेले अन् कळ आली की केस दिसायचे. मी दिसलं तिथंच व्हॅक्यूमचा कप, म्हणजे डोक्याला चिकटवून बाळ ओढायची वाटी, लावला. दुसऱ्या पुलला कप सुटला. सीनियर मॅडम आल्या, आधी पोटावर हात ठेवला, मग मला परत पीव्ही (बोटांनी आतून तपासणी) करायला लावली अन् विचारलं, बोटाखाली कोणती टाळू आहे? मोठी, चौकोनी टाळू, प्युबिसच्या (समोरच्या जांघेच्या हाडाच्या) खालीच. बाळ ओपी होतं, म्हणजे डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडं, अन् मी खाली आलेलं डोकं समजले ते नुसतं कॅपुट (कळांनी डोक्यावर आलेली सूज), पोटावरून दोन पंचमांश डोकं अजून वरच लागत होतं. सिझरला घेतलं, बाळ रडलं.

कप फ्लेक्शन पॉइंटवरच बसला पाहिजे (तिथून ओढलं की हनुवटी छातीला टेकलेली राहते), म्हणजे सॅजायटल सुचरवर (कवटीच्या मधोमधचा सांधा), मागच्या लहान टाळूच्या पुढं ३ सेमी. ओपीमधे ती जागा पार मागं, सेक्रमकडं असते. मोठ्या टाळूजवळ लावून ओढलं की हनुवटी छातीपासून सुटते, ९.५ सेमीऐवजी ११.५ सेमीचा व्यास पुढं येतो, म्हणजे बाळाची वाट आपणच अडवतो. मधल्या बोटाचं टोक फ्लेक्शन पॉइंटवर टेकवा अन् फोर्चेटला (योनीमुखाची मागची कड) बोट कुठं लागतं ते बघा, मधल्या सांध्यापर्यंत साधारण ५-६ सेमी, बोटाच्या मुळापर्यंत १०-११, कप तितकाच आत जायला हवा. उभ्या दांड्याचा कप तिथं पोचतच नाही, ओपीसाठीचा पोस्टिरियर कप मागवून घ्या.

'केस दिसले की लाव' सांगणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. नॉर्मल डिलिव्हरीतही दर वेळी टाळू चाचपायला लावणारी मॅडम मिळाली तर तिला सोडू नका, ती कितीही रागावली तरी. कळ नसताना ओढणं, व्हॅक्यूमचं प्रेशर ६०० एमएम (पाऱ्याचे) च्या वर नेणं, हे करायचंच नाही. तीन पुलमधे डोकं खाली येत नसेल तर थांबा, थांबलात म्हणून कुणी कमी समजत नाही.

भीती वाटणारच, मला अजून वाटते. पण बोटाला सुचर कळायला लागले की हात आपोआप स्थिर होतो, खरंच.

बाळ झाल्यावर डोकं पुन्हा पुन्हा बघा, सूज लिबलिबीत होऊन कानामागं, मानेकडं पसरत असेल तर लगेच बालरोगवाल्यांना बोलवा. कपाच्या जागी आलेला साधा फुगा मात्र एक-दोन दिवसात उतरतो, ते आजीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर माय बिचारी रात्रभर लेकराच्या डोक्यावर हात ठेवून बसते.