हत्तीने काढलेले चित्र विकत घेण्यापूर्वी

थायलंडच्या सहलीत चियांग माईचा मुक्काम असेल, तर हत्तींच्या छावणीची भेट बहुधा ठरलेली असते, आणि सोंडेत कुंचला धरून फूल रेखाटणारा हत्ती पाहिल्यावर ते चित्र घरी न्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र आपल्या पैशाने त्या हत्तीचे भले व्हावे अशी इच्छा असेल, तर खरेदीआधी थोडी पारख करायला हवी.

या चित्रांमागची गरज खरी आहे. 1989 साली थायलंड सरकारने जंगलतोडीवर बंदी घातली, तेव्हा ओंडके वाहणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एकाएकी बेकार झाले, आणि कित्येक माहूत हत्तीला घेऊन शहरांच्या रस्त्यांवर भीक मागू लागले. मोठ्या हत्तीला दिवसाला साधारण दीडशे किलो चारा लागतो. तो आणायचा कुठून, हा प्रश्न होता. विताली कोमार आणि अलेक्झांडर मेलामिड या मूळच्या रशियन चित्रकारांनी हत्तींना चित्रे काढायला शिकवण्याचा उपक्रम हाती घेतला, आणि 2000 साली न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीज या संस्थेने या चित्रांचा लिलाव केला.

चित्र रंगत असताना कागदाकडे पाहू नका, माहुताच्या हाताकडे पाहा. फूल, झाड किंवा हत्तीचीच आकृती निघत असेल, तर माहूत बहुधा हत्तीच्या कानाला धरून उभा असतो. कान वर-खाली ओढला की उभी रेघ येते, बाजूला ओढला की आडवी. प्राणिशास्त्रज्ञ डेस्मंड मॉरिस यांनी 2009 साली हीच गोष्ट नोंदवली होती. म्हणजे कुंचल्यावरचा ताबा हत्तीचा असतो, पण आकृती माहुताची असते, आणि ती रोज तशीच गिरवली जाते. अशा अचूकपणासाठी हत्तीला कसे शिकवले असेल, हा प्रश्न मनात यायलाच हवा. माहुताच्या हातात अंकुश किंवा खिळ्यासारखे टोकदार काही दिसले, कानामागे किंवा कपाळावर जखमांचे वण असले, तर ते चित्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट हत्ती मोकळा उभा असेल, कागदावर नुसते फराटे उमटत असतील आणि कंटाळा आल्यावर कुंचला टाकून तो निघून जाऊ शकत असेल, तर ते चित्र ओबडधोबड असले तरी अधिक प्रामाणिक आहे.

तरीही चित्र काढणे हत्तीला आवडते, असे गृहीत धरू नये. मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयातील चार हत्तिणींचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात चित्रकलेमुळे त्यांचा ताण कमी झाल्याचे आढळले नाही.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला थेट विचारावे : हे चित्र कोणत्या हत्तीने काढले, किमतीतला किती भाग चारा, औषधोपचार आणि माहुताचा पगार यांवर खर्च होतो, आणि त्याचा हिशेब कुठे पाहायला मिळेल? उत्तर गोलमोल आले, तर पुढे जावे. रानटी हत्तींसाठी पैसे जातात असा दावा असेल, तर कोणत्या जंगलात कोणते काम चालते, हेही विचारावे, कारण पाळीव हत्तींचे पोट भरणे आणि जंगलातला हत्ती वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि छावणीतल्या चित्रांचा पैसा मुख्यतः पहिल्यालाच हातभार लावतो.

चित्र न घेताही मदत करता येते. लांपांग येथे हत्तींसाठी रुग्णालय आहे; भूसुरुंगात पाय गमावलेल्या मोताला या हत्तिणीला तिथेच कृत्रिम पाय बसवण्यात आला. चित्रासाठी बाजूला काढलेली रक्कम अशा रुग्णालयाला देणगी म्हणून द्यावी आणि रीतसर पावती घ्यावी.