जुन्या आलिशान गाडीचं ॲव्हरेज वाढवताना या चुका टाळा

‘गाडी पंधरा वर्षांची आहे, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे, ॲव्हरेज पार घसरलंय. काय बदलू?’ हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की पुढचं सगळं मला पाठ झालंय. विचारणाऱ्याने प्लग बदललेले असतात, एखादा सेन्सरही बदललेला असतो आणि ॲव्हरेज होतं तिथेच असतं. ‘काय तपासू?’ असं मात्र फार थोडे विचारतात.

आधी अपेक्षा ठरवून घ्या. पावणेदोन टनांची, तीन लिटर इंजिनाची गाडी छोट्या हॅचबॅकचं ॲव्हरेज देणार नाही. नवी असताना ती नऊ देत असेल आणि आज सात देत असेल, तर मधले दोन कुठे गेले ते शोधायचं. ते बहुतेक वेळा सापडतात. साडेअकराची स्वप्नं विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

स्क्रीनवरच्या आकड्यावर विसंबणं

डॅशबोर्डवरचा आकडा हा हिशोब असतो, मोजमाप नव्हे. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून कॉम्प्युटर पेट्रोलचा अंदाज बांधतो. इंजेक्टर गळत असेल किंवा इंधनाचा दाब बिघडला असेल, तर त्याला ते कळतच नाही. टाकी भरा, नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, ट्रिप मीटर शून्य करा, तीन-चारशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा तसंच भरा. असं तीनदा करून सरासरी काढा. माझ्या ग्लव्हबॉक्समध्ये यासाठी एक छोटी वही कायम असते. एका टाकीवरून निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी चर्चाच करत नाही.

काट्यावर विश्वास ठेवून थर्मोस्टॅट विसरणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. माझ्या सहा सिलिंडरच्या सेडानचं ॲव्हरेज थंडीच्या दिवसांत नऊवरून सातवर आलं. मी प्लग बदलले. मग पुढचे दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदलले. मग हवा मोजणारा एमएएफ सेन्सर साफ केला. तीन रविवार गेले, वहीतला आकडा सातच. टेम्परेचरचा काटा बरोबर मध्ये होता, त्यामुळे इंजिन थंड चालतंय ही शंका मनाला शिवलीसुद्धा नाही.

एकदा दुसऱ्याच कामासाठी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र, जोडला होता. मोकळ्या रस्त्यावर कूलंटचं तापमान ७६ अंश दिसत होतं. पुढे गर्दीत अडकलो तसं ते ८८ पर्यंत चढलं, रस्ता मोकळा झाला की परत खाली. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकला असेल तर हे असंच होतं. वेगात रेडिएटरवर हवा जोरात येते आणि कूलंट गरज नसताना तिथून फिरत राहतं. काटा मात्र जागचा हलला नाही, कारण अशा अनेक गाड्यांत तापमान थोडं खाली-वर झालं तरी काटा मध्येच धरून ठेवतात.

थर्मोस्टॅट काढून उजेडासमोर धरला. झडप बंद असायला हवी होती, पण एका कडेने उजेड आरपार दिसत होता. रबराची रिंग कडक होऊन तिचा छोटा तुकडा निघालेला, आणि तिथे नख जाईल एवढी फट. नवा बसवला, पुढच्या दोन टाक्यांची सरासरी ८.७ आली.

एवढ्याशा फटीने पेट्रोल का जातं? इंजिन अजून तापलेलं नाही असं समजून कॉम्प्युटर जास्त इंधन सोडत राहतो. ऑइल दाट राहिल्याने घर्षण वाढतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक-अप, म्हणजे इंजिनाशी थेट जोडणी, उशिरा करतो. स्कॅनरवर पी०१२८ हा कोड आला तर तो याचीच सूचना देतो, पण कोड येईपर्यंत थांबू नका. आणि ‘इंजिन गरम होऊ नये म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाका’ असा सल्ला कुणी दिला तर त्याच्या हातात गाडी देऊ नका. हा शॉर्टकट पेट्रोलही खातो आणि इंजिनही झिजवतो. नवा बसवल्यावर कूलंटमधली हवा नीट काढा, आणि इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण कधीही उघडू नका.

कोड म्हणजे पार्टचं नाव समजणं

मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्याचा कोड आला की लोक ऑक्सिजन सेन्सर मागवतात. अहो, सेन्सर तर आपलं काम चोख करतोय, तक्रार तोच सांगतोय! पी०१७१ हा तोच कोड दिसला की मी आधी एमएएफपासून इंजिनाकडे जाणारी रबराची नळी हातात घेऊन दाबतो आणि घड्या उघडून आत टॉर्च मारतो. वरून धडधाकट दिसणाऱ्या नळीला घडीत चीर असते. तिथून शिरलेली हवा मोजलीच जात नाही.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, ते बघायला शिका, ते अवघड नाही. दहा टक्क्यांच्या बाहेर असेल तर कारण शोधा. इंजिन उभ्या जागी चालू असताना ट्रिम जास्त आणि २५०० आरपीएमला नॉर्मल, तर हवेची गळती. उलट असेल, म्हणजे आरपीएम वाढवल्यावर ट्रिम वाढत असेल, तर एमएएफ किंवा इंधनाचा पुरवठा तपासा. मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त) असेल आणि इंधनाच्या प्रेशर रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असेल, तर ती काढून वास घ्या. पेट्रोलचा वास किंवा ओल म्हणजे आतला पडदा फाटलाय आणि पेट्रोल थेट इंजिनात ओढलं जातंय.

एमएएफ त्याच्यासाठी बनवलेल्या स्प्रेनेच साफ करा. कार्ब्युरेटर क्लीनरने आणि कापसाच्या बोळ्याने मेलेले सेन्सर मी पाहिलेत.

घासणारे ब्रेक

उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांचा हा हमखास रोग. वीस मिनिटं चालवा, शक्यतो ब्रेक न दाबता हळू थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हाताची मागची बाजू न्या, धातूला लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर ते चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. कॅलिपरच्या पिना सुकलेल्या असतात, पिस्टन गंजलेला असतो, नाहीतर ब्रेकची रबरी नळी आतून सुजून दाब परत सोडत नाही. पॅड नवे टाकून यातलं काहीच सुटत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

टायरची हवा थंड असताना, दरवाजाच्या खांबावरच्या किंवा इंधनाच्या झाकणावरच्या तक्त्याप्रमाणे भरा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. दिसायला छान म्हणून मोठी, जड चाकं लावलीत, तर ॲव्हरेजची तक्रार करू नका.

उतारावर न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये पाय सोडला की इंजेक्टर बंद होतात, न्यूट्रलमध्ये इंजिनाला चालू राहायला पेट्रोल लागतंच. शिवाय ते धोक्याचं आहे.

इंधनाच्या झाकणाच्या आत जेवढा ऑक्टेन (पेट्रोलची ठोके टाळण्याची क्षमता) लिहिलाय तेवढा भरा. कमी भरला तर इंजिन ठोके टाळण्यासाठी स्पार्क उशिरा पाडतं आणि ताकद वाया जाते. त्याहून जास्त भरून फायदा नाही.

ॲव्हरेज वाढवतात म्हणून विकली जाणारी चुंबकं आणि सॉकेटमध्ये खोचायची खेळणी घेऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली, ठळक फरक पाडणारं एकही निघालं नाही. एअर फिल्टर वेळेवर बदला, पण ॲव्हरेजसाठी नव्हे. ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये दाखवलं की इंजेक्शनच्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने पिकअप कमी होतो, ॲव्हरेज जवळपास तेच राहतं.

वेगाबद्दल नवशिके ऐकत नाहीत, तरी सांगतो. ९० ऐवजी १२० ने गेलात की हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो.

गिअरबॉक्सला ‘आयुष्यभराचं’ ऑइल

ऑइल आयुष्यभर पुरतं या भरवशावर ज्या गिअरबॉक्सला पंधरा वर्षं कुणी हात लावला नाही, तो लॉक-अप नीट करेल ही आशा धरू नका. सपाट रस्त्यावर ८० च्या स्थिर वेगात ॲक्सिलरेटर किंचित दाबा. वेग वाढायच्या आत आरपीएम उडी मारत असेल तर लॉक-अप झालेलं नाही. पण आधी कूलंटचं तापमान पाहा, थंड इंजिनावर ही चाचणी फसवते. ऑइल बदलायचं ठरवलंत तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घ्या आणि पातळी तिथे लिहिलेल्या तापमानालाच तपासा. आणि गाडीखाली गेलात की आधी भरायचा बोल्ट सुटतोय का ते पाहा, मगच रिकामं करायचा बोल्ट सोडा.