गुळाच्या पट्टीचा पायथन कोड रस्टमध्ये नेण्यापूर्वी

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यानंतर शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी पडते, तिचा हिशेब करणारा पायथन प्रोग्रॅम रस्ट या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत न्यायचा असेल, तर आधी मूळ कोडचीच, तो न चालवता, औपचारिक पडताळणी, म्हणजे तो ठरलेल्या अटी पाळतो की नाही याची तर्काने तपासणी, करून घ्यावी. कोडमध्ये जे गृहीत धरले आहे पण लिहिलेले नाही, ते भाषांतरात निसटते.

प्रथम प्रत्येक फंक्शनला टाइप, म्हणजे त्यात कोणत्या प्रकारची मूल्ये येतात-जातात ते, लिहावेत आणि हे टाइप तपासणारे मायपाय 'स्ट्रिक्ट' (कडक) पर्यायासह चालवावे, कारण टाइप नसलेल्या फंक्शनच्या आत ते एरवी डोकावतही नाही. रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश अपूर्णांकात, असल्यास ती पैशांच्या पूर्णांकात आणावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळता येत नाही.

सर्वाधिक वेळ भागाकाराला द्यावा. उचल, म्हणजे शेतकऱ्याने आगाऊ घेतलेली रक्कम, मालाच्या किमतीहून जास्त झाली की खात्याची बाकी ऋण होते. ऋण २५० पैशांना पायथनच्या पूर्णांक भागाकाराने १०० ने भागल्यास उत्तर ऋण ३ येते, कारण तो खालच्या पूर्णांकाकडे झुकतो. रस्टचा साधा भागाकार मात्र शून्याकडे वळून ऋण २ देतो. उरणारे पैसे पायथनमध्ये ५०, तर रस्टमध्ये ऋण ५०. म्हणजे खात्यातली बाकी आणि भागाकारातली बाकी एकदमच बदलतात. म्हणून रक्कम ऋण असू शकते की नाही, हे त्या फंक्शनच्या पूर्वअटीत (ते चालण्याआधी जे खरे असावे लागते त्यात) लिहावे आणि असू शकत असल्यास उत्तर काय यावे, ते उत्तरअटीत (ते संपल्यावर जे खरे असावे लागते त्यात) बांधावे. हा निर्णय प्रोग्रॅमरने परस्पर घेऊ नये, दिवाणजींना विचारावे.

रकमेची कमाल मर्यादाही पूर्वअटीत असावी. पायथनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो, पण ३२ बिटांचा चिन्हांकित पूर्णांक २१४७४८३६४७ ला थांबतो. पैशांत मोजल्यास हे जेमतेम २ कोटी १५ लाख रुपये होतात आणि त्यापुढे रस्टचा रिलीज बिल्ड, म्हणजे प्रत्यक्ष वापरासाठी तयार केलेला प्रोग्रॅम, मूळ सेटिंगवर निमूटपणे उलटा आकडा देतो.

अटी लिहून झाल्यावर आधी क्रॉसहेअर हे पायथनचे तपासणी साधन चालवावे. ते झेड३ या तर्कसमीकरणे सोडवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मदतीने अट मोडणारे उदाहरण शोधते. मात्र उदाहरण सापडले नाही म्हणजे सिद्धता झाली, असे नव्हे. सिद्धतेसाठी ईटीएच झुरिच या विद्यापीठाचे नागिनी हे साधन आहे, पण त्याला प्रत्येक लूपचे अपरिवर्तनीय विधान, म्हणजे लूपच्या प्रत्येक फेरीत खरे राहणारे विधान, द्यावे लागते, उदाहरणार्थ 'आतापर्यंतची एकूण रक्कम ही वाचून झालेल्या ओळींच्या बेरजेइतकीच आहे'. त्यामुळे हमाली, तोलाई व उचल वजा करणारी मोजकी फंक्शने तेवढी त्यातून न्यावीत; छपाईचा भाग सोडून द्यावा. अटी पायथनच्या साध्या 'असर्ट' या अट तपासणाऱ्या ओळीत ठेवून निर्धास्त राहू नये, कारण पायथन 'ओ' पर्यायासह चालवल्यास त्या ओळी गळून जातात.

पडताळणी चालू असेपर्यंत मूळ कोडमधील नवे बदल थांबवावेत, आणि ऋण बाकीच्या जुन्या पट्ट्या वेगळ्या काढून ठेवाव्यात. रस्टचा प्रोग्रॅम तयार झाला की पहिल्यांदा त्याच चालवायच्या आहेत.