पॉवर पॉपची अनवट गाणी संकलनांतून शोधताना या चुका टाळा

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पॉवर पॉपचे, म्हणजे गोड चाली आणि दणकट गिटार असलेल्या रॉकचे, कितीतरी बँड एखाद-दुसरी सात इंची सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) काढून दिसेनासे झाले. त्यांची गाणी आज कानावर पडतात ती मुख्यतः संकलनांमुळे, म्हणजे अनेक बँडची गाणी एकत्र केलेल्या अल्बमांमुळे. पण संकलन ऐकायचं कसं, इथेच अनेकांची गाडी अडते.

सुरुवात संगीत महोत्सवांच्या निमित्ताने निघणाऱ्या जाडजूड सीडी-संचांनी करू नका. त्यांत हजेरी जास्त, निवड कमी. आधी ऱ्हायनो या लेबलच्या १९९३ च्या ‘डीआयवाय’ मालिकेतल्या अमेरिकन पॉवर पॉपच्या दोन डिस्क घ्या. एक १९७५-७८ ची, दुसरी १९७८-८० ची. मग न्यूमेरो या लेबलचं ‘यलो पिल्स: प्रीफिल’ (२००५). खरा आडवाटेचा माल तिथे आहे.

गाणं आवडलं की नुसतं बँडचं नाव शोधायचं, ही सर्रास होणारी चूक. ‘द बीट’ टाकलंत तर बर्मिंगहॅमचा स्का बँड समोर येईल. पॉल कॉलिन्सच्या बँडसाठी ‘पॉल कॉलिन्स बीट’ असं शोधावं लागतं. ‘द टॉम्स’, ‘शूज’ यांचीही तीच गत. नावासोबत गाणं, लेबल आणि साल टाका. श्रेयनामावलीतला गीतकार तर हमखास वाट दाखवतो. ‘द नर्व्हज’ने १९७६ मध्ये चार गाण्यांची एकच ईपी (सिंगलपेक्षा मोठी, अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) काढली, पण तिच्यातली नावं धरून गेलात तर जॅक लीचं गाणं १९७८ मध्ये ब्लाँडी या बँडकडे सापडतं, पीटर केस प्लिमसोल्स या बँडमध्ये आणि कॉलिन्स वर सांगितलेल्या ‘बीट’मध्ये.

सीडी संगणकावर घेतल्यावर एका संकलनाचे वीस अल्बम झाले? ‘अल्बम आर्टिस्ट’चा रकाना रिकामा राहिलाय. सगळ्या गाण्यांना तिथे ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’ लिहा, ‘आर्टिस्ट’मध्ये त्या-त्या बँडचं नाव राहू द्या. गाण्यांची माहिती भरणारं पिकार्ड हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर थेट ‘स्कॅन’ दाबू नका. तो आवाजावरून गाणी ओळखतो आणि ती भलत्याच अल्बमांत विखुरतात. आधी ‘क्लस्टर’, मग ‘लुकअप’. मूळ सिंगलचं सालही वेगळं नोंदवा, नाहीतर १९७८ चं गाणं १९९३ मध्ये जाऊन बसतं.

मधूनच एखादं गाणं खरखरतं, तेव्हा स्पीकर उघडून बसू नका. मास्टर टेप हरवलेली असली की गाणं रेकॉर्डवरूनच उतरवावं लागतं. नॉइज रिडक्शन सढळ हाताने लावलंत तर खरखरीबरोबर झांजा आणि बारा तारांच्या गिटारची किणकिणही जाते. आवाज कमी-जास्त होत असेल तर प्लेयरमधलं रिप्लेगेन (गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय) ‘ट्रॅक’वर ठेवा, ‘अल्बम’वर तो फरक तसाच राहतो.

स्ट्रीमिंगवर संकलनातली निम्मी गाणी गायब दिसली तर बहुधा हक्कांचा घोळ असतो, कारण परवाना गाणंनिहाय घ्यावा लागतो. डिस्कॉग्स या रेकॉर्डांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावरची यादी उघडून एकेक गाणं शोधा आणि लांबी ताडून पाहा. दहा-पंधरा सेकंदांचा फरक दिसला तर ते बँडने पुढे पुन्हा ध्वनिमुद्रित केलेलं असू शकतं. अशा वेळी मूळ सिंगलचं साल तपासल्याशिवाय ते यादीत घेऊ नका.