जुन्या गाडीच्या पार्टवरचा नंबर कसा वाचावा

पार्ट काढा, रॉकेल आणि नायलॉनच्या ब्रशने धुवा. तारेचा ब्रश नको. इंजिनाचं हेड प्लेन करायला किंवा सँडब्लास्टिंगसाठी (वाळूच्या माऱ्याने साफ करायला) वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत टाकणार असाल, तर आधी सगळ्या नंबरांचे फोटो घ्या. एकदा घासला गेलेला नंबर परत मिळत नाही.

खरी गोची इथून पुढे. एकाच पार्टवर तीन-चार नंबर असतात आणि त्यातला सगळ्यात ठळक नंबर बहुतेकदा पार्ट नंबर नसतोच. बोट फिरवून बघा. आकडे उठावदार लागले तर तो ओतकामाचा, म्हणजे साच्याचा नंबर. एका साच्यातून निघालेल्या ओतीवावर पुढे वेगवेगळं मशिनिंग होतं. बीएमसी या जुन्या ब्रिटिश मोटार कंपनीच्या ए-सिरीज इंजिनाचं 12जी940 हेड घ्या. हाच उठाव असलेली हेड वेगवेगळ्या मापांच्या व्हॉल्व्हची मिळतात. विकणारा उठावावर बोट ठेवून "तेच आहे, साहेब" म्हणाला, तरी व्हर्नियरने व्हॉल्व्हचा व्यास मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

पंचने ठोकलेले, आत गेलेले आकडे मात्र काम पूर्ण झाल्यावरचे असतात. ल्युकस या ब्रिटिश कंपनीच्या डिस्ट्रिब्यूटरवर (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या पार्टवर) 25डी4 दिसलं की लोक तेवढंच सांगून मोकळे होतात. ते फक्त मॉडेल झालं. शेवटचा 4 म्हणजे चार सिलिंडर. त्याच्याजवळचा पाच आकडी नंबर आणि मागचं अक्षर महत्त्वाचं, कारण आतल्या स्प्रिंगा, वजनं आणि व्हॅक्यूमचा डबा त्यावरून ठरतो. चुकीचा बसवला तर गाडी सुरू होईल, पण चढावर इंजिन ठोकेल आणि तुम्ही उगाच कार्बोरेटर खोलत बसाल.

डिस्ट्रिब्यूटरवरचे उरलेले चार आकडे तारखेचे. 2764 म्हणजे 1964 सालचा सत्ताविसावा आठवडा. पहिली जोडी 12 किंवा कमी असेल, तर घाईने तिला महिना ठरवू नका. जानेवारी 2023 मध्ये वडोदऱ्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात झाली तशा जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत गाडी उतरवायची असेल, तर पार्टची तारीख गाडी बनल्याच्या आधीची हवी. नंतरची असेल तर पार्ट बदललेला आहे.

आकडे पुसट असतील तर खडू चोळा, पुसा आणि टॉर्च आडवा धरा. 8 आणि बी, 6 आणि जी, 1 आणि आय यांत हमखास गफलत होते.

एसयू या ब्रिटिश बनावटीच्या कार्बोरेटरचा नंबर फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या) झाकणाच्या स्क्रूखाली अडकवलेल्या छोट्या पत्र्यावर असतो. स्क्रू काढताना तो पत्रा हरवतो, तेव्हा आधी तो जपा. एचएस2 या मॉडेलमधला 2 म्हणजे एक इंचावर दोन अष्टमांश, म्हणून तोंड सव्वा इंची. एचएस4 दीड इंची.

बेअरिंगचं सोपं: शेवटचे दोन आकडे गुणिले 5 म्हणजे भोकाचं माप, 04 पासून पुढे. 6205 म्हणजे 25 मि.मी. मात्र जुन्या ब्रिटिश गाडीत शाफ्ट एक इंची, म्हणजे 25.4 मि.मी. असू शकतो. तिथे 6205 हातोडीने बसवायला जाऊ नका, इंची बेअरिंगच मागा.

बॉशच्या प्लगला मात्र पद्धत उलटी झाली. जुन्या डब्ल्यू175 मध्ये आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा), नव्या डब्ल्यू7 मध्ये आकडा वाढला की गरम. हे दोन साधारण एकाच उष्णतेचे आहेत.