परक्या मैदानावरील सामन्याचे तिकीट मिळवायचे असेल तर

इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेत यजमान क्लबाला पाहुण्या समर्थकांसाठी ३,००० जागा, किंवा मैदान ३०,००० पेक्षा कमी क्षमतेचे असल्यास १० टक्के जागा, उपलब्ध करून द्याव्या लागतात आणि २०१६-१७ च्या हंगामापासून या तिकिटाचा दर ३० पौंडांच्या वर जाऊ दिलेला नाही. जागा मोजक्या असल्याने बहुतेक क्लब ती प्रथम सीझन तिकीटधारकांना (संपूर्ण हंगामाचे तिकीट घेतलेल्यांना), तीही मागील दौऱ्यांतून साठलेल्या लॉयल्टी पॉइंटांच्या, म्हणजे निष्ठेच्या गुणांच्या, उतरत्या क्रमाने विकतात. समजा, सोमवारी ४० पॉइंटवाल्यांना, मंगळवारी ३० वाल्यांना, आणि काही उरलेच तर साध्या सदस्यांना. निष्ठेची कदर करणारी ही पद्धत मला न्याय्य वाटते, पण नवख्याला तीत शिरकाव करणे अवघड जाते. म्हणून त्याने मोठ्या लढतींच्या मागे न लागता आठवड्याच्या मधल्या रात्री दूरच्या शहरात होणारे, कमी मागणीचे सामने आधी गाठून पॉइंट साठवावेत. एफए चषकात, म्हणजे इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, पाहुण्यांना १५ टक्क्यांपर्यंत जागा मिळू शकतात, तेव्हा तिथेही प्रयत्न करावा. मात्र आपल्या क्लबात कोणत्या स्पर्धेचे पॉइंट धरले जातात, हे नियमावलीत आधी पाहावे. दुसऱ्याच्या नावावरचे तिकीट कधीही घेऊ नये, कारण काही क्लब निवडक तिकिटे मैदानावरच, ओळखपत्र पाहून हाती देतात.