व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर पिकअप पारखायला जाण्याआधी

इलेक्ट्रिक गिटारमध्ये नवा पिकअप (तारांचं कंपन पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणारा, तारांखालचा भाग) बसवायचा की आहे तोच ठेवायचा, याचा निकाल घरच्या छोट्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर लागत नाही. ज्या जॅमरूममध्ये (भाड्याच्या सरावखोलीत) चालू स्थितीतला व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणारा, अ‍ॅम्प आहे तिथे दोन तास घ्यावेत आणि कानांनीच ठरवावं. पण भाड्याचे तास भराभर सरतात, म्हणून अर्धं काम घरीच उरकून निघालेलं बरं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. पिकअपला स्वतःचा असा एकच एक आवाज नसतो. चुंबकाभोवती ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, त्यांचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध), पुढे जोडलेल्या केबलचा कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) आणि व्हॉल्यूम-टोनच्या नॉबचं विजेचं ओझं असं सगळं मिळून एक सर्किट होतं. त्या सर्किटला एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर उंचवटा येतो आणि त्याच्या वरचा आवाज झपाट्याने गळून जातो. जुन्या धर्तीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या सिंगल कॉइलचं (एकाच गुंडाळीच्या पिकअपचं) इंडक्टन्स साधारण २.४ हेन्री धरलं आणि पाच मीटरची केबल लावली, तर हा उंचवटा ४ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. ४.४ हेन्रीच्या हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) तीच केबल लावली तर तो ३ किलोहर्ट्झपाशी उतरतो. गिटारचा बारा इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या पुढे फारसं काही ऐकवतच नाही. म्हणजे ज्यावरून लोक तासन् तास हुज्जत घालतात, तो ‘चमकदार’ की ‘जाड’ हा सगळा वाद २ ते ५ किलोहर्ट्झच्या चिंचोळ्या पट्टीतला. तयारी करायची ती या पट्टीत दुसरं काही लुडबुड करणार नाही याची.

तारा दोन-तीन दिवस आधी बदला, म्हणजे ताण धरून बसतील आणि नवेपणाचा किणकिणाट थोडा ओसरेल. निकेलचा मुलामा दिलेल्या स्टीलच्या तारा घ्या. ज्या दोन गिटारींची तुलना करायची त्या दोन्हींवर एकाच जाडीच्या आणि एकाच दिवशी चढवलेल्या तारा हव्यात. एकीवर तीन महिन्यांच्या गंजलेल्या आणि दुसरीवर कोऱ्या तारा असतील, तर तुम्ही तारांची तुलना करून घरी याल. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर पोल पीसही (पिकअपमधल्या, तारांखालच्या धातूच्या कांड्या) बघून घ्या, खाऱ्या दमट हवेत त्यांवर गंज चढतो. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-वीस वेळा फिरवा. पावसाळ्यात हे काम हमखास निघतं.

मग पेचकस घ्या आणि पिकअपची उंची लावा. या यादीतलं हे सर्वात महत्त्वाचं काम, आणि त्याला एक पैसा लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे की पिकअप बदलायला निघालेल्यांपैकी निम्म्यांची तक्रार इथेच मिटेल. शेवटच्या पट्टीवर (फ्रेटवर) तार दाबून धरायची आणि तारेच्या खालच्या कडेपासून पोल पीसपर्यंतचं अंतर मोजायचं. जुन्या धर्तीच्या सिंगल कॉइलला जाड तारेखाली २.४ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर, हंबकरला दोन्हीकडे १.६ मिलिमीटर, इथून सुरुवात करा. सिंगल कॉइलमध्ये चुंबकाच्या कांड्या थेट तारेखाली असतात. त्या फार जवळ गेल्या तर तारेला ओढून धरतात, सूर डळमळतो आणि जाड तारेवर वरच्या पट्ट्यांत दोन सूर एकदम वाजल्यासारखं वाटतं. फार लांब नेल्या तर आवाज मोकळा होतो, पण अ‍ॅम्पला ढकलण्याचा जोर कमी पडतो. मानेकडचा पिकअप पुलाकडच्यापेक्षा (ब्रिजकडच्यापेक्षा) जरा खालीच ठेवावा लागतो, कारण तिथे तारेचं कंपन मोठं असतं. जुळलेली उंची कागदावर लिहून ठेवा. जॅमरूममध्ये ती बदलून बघणार आहातच, तेव्हा परत यायला आकडा हवा.

मल्टिमीटर असेल तर डीसी रेझिस्टन्स मोजा, पण त्यावर विश्वास बेताचाच ठेवा. ‘माझा पिकअप साडेआठ के (किलोओहम) आहे’ असं छाती फुगवून सांगणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की तांब्याचा विरोध तापमान एक अंशाने वाढलं की सुमारे ०.३९ टक्के वाढतो. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांना ६.० किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्याच्या दुपारी ३८ अंशांना ६.६च्या आसपास दाखवेल, आणि आवाजाने मात्र तो आहे तिथेच असेल. शिवाय तार बारीक वापरली की वेढे तेवढेच राहूनही आकडा फुगतो. टेलिकास्टरच्या मानेकडच्या पिकअपमध्ये अशीच बारीक तार असते. मीटरवर तो तगडा दिसतो, वाजायला मात्र मऊ आहे. पिकअप जिवंत आहे की तार कुठे तुटली आहे, एवढं कळण्यापुरता मीटर ठीक.

नॉबखालच्या पॉटवरचा (विरोध बदलणाऱ्या भागावरचा) आकडा मागच्या बाजूने वाचून घ्या. सिंगल कॉइलला सहसा २५०के आणि हंबकरला ५००के लावतात. पॉटचा विरोध जितका कमी, तितका तो उंचवटा बोथट होतो. कुणी आधी हंबकर बसवून २५०केचे पॉट तसेच ठेवले असतील, तर आवाज झाकोळलेला वाटेल आणि बिचाऱ्या पिकअपवर आळ येईल.

केबल एकच न्या, आणि सगळ्या गिटारींना तीच लावा. दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरले तर तीन मीटर आणि नऊ मीटर केबलमध्ये ६०० पिकोफॅरडचा फरक पडतो, आणि सिंगल कॉइलचा उंचवटा त्याने ५ किलोहर्ट्झजवळून साडेतीनच्याही खाली घसरतो. हा फरक पिकअप बदलण्याइतकाच मोठा आहे. मधे बफर (केबलचं ओझं स्वतःवर घेणारं सर्किट) असलेलं पेडल ठेवलं तर त्याच्या पुढची केबल पिकअपला दिसतच नाही, म्हणून पारखायच्या दिवशी पेडलं घरी. ट्यूनर लागेल तो हेडस्टॉकवर (गिटारच्या टोकाला) चिमटा लावायचा घ्या.

आता जॅमरूमला फोन करा आणि अ‍ॅम्प नेमका कोणता ते विचारा. ‘ट्यूब आहे’ एवढं उत्तर पुरेसं नाही. डिलक्स रिव्हर्बसारख्या २२ वॉटच्या फेंडरमध्ये शेवटचे व्हॉल्व्ह ६व्ही६, मोठ्या फेंडरमध्ये ६एल६, व्हॉक्स एसी३०मध्ये चार ईएल८४, बहुतेक मार्शलमध्ये ईएल३४. पहिल्या टप्प्यात मात्र सगळीकडे जवळजवळ एकच व्हॉल्व्ह भेटतो, १२एएक्स७, ज्याला युरोपात ईसीसी८३ म्हणतात. फेंडरच्या टोन सर्किटमध्ये मधला आवाज मुळातच खोलगट असतो, त्यामुळे सिंगल कॉइल तिथे झळकतो आणि हंबकरचा गुबगुबीतपणा आवरला जातो. मार्शलमध्ये मधला भाग पुढे येतो, तिथे पुलाकडचा हंबकर छातीवर येऊन वाजतो. एसी३०मध्ये निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत देणं) नाही, त्यामुळे आवाज फाटतो (डिस्टॉर्ट होतो) तो हळूहळू, पण उघडावाघडा. तुम्ही शेवटी ज्या जातीचा अ‍ॅम्प वापरणार आहात, त्याच जातीच्या अ‍ॅम्पवर पारखा.

किती वॉट आहे तेही विचारा, पण आकड्याला घाबरू नका किंवा भुलूही नका. कानाला दुप्पट मोठं वाटायला दहापट वॉट लागतात. म्हणजे ५० वॉटच्या निम्मा आवाज करायला ५ वॉट पुरतात, आणि सोसायटीच्या फ्लॅटमध्ये तेवढेही शेजाऱ्यांना दारावर आणतील. अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प असेल तर मधे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आहे का, हे खात्रीने विचारा. २३० व्होल्टमध्ये थेट लावला तर संध्याकाळ तिथेच संपली.

खोलीत पोचल्यावर सगळ्यात आधी अ‍ॅम्पच्या मागे जाऊन स्पीकरची वायर जोडलेली आहे का ते बघा, आणि ओहमचा आकडा जुळतो का तेही. स्पीकरशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मागची जाळी काढून आत हात घालायचा नाही, प्लग काढलेला असला तरी नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये कित्येक शे व्होल्ट साठून राहतात. अ‍ॅम्प चालू करून दहा-पंधरा मिनिटं तापू द्या आणि तेवढ्यात अर्थिंगकडे वळा. गाण्याचा माइक लावलेला असेल तर गिटारच्या तारांना आणि माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघा. दिवा लागला तर वाजवायचं नाही, आधी वायरिंग बघायला सांगायचं.

मग घूं. गिटारचा आवाज शून्यावर नेऊनही घूं राहिली तर ती अ‍ॅम्पची किंवा केबलची. नॉब उघडल्यावर आली आणि गिटार घेऊन गोल फिरल्यावर कमी-जास्त झाली तर ती पिकअपची. जुन्या चोकची ट्यूबलाइट, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, अ‍ॅम्पचा स्वतःचा पॉवर ट्रान्सफॉर्मर, यांतलं काहीही सिंगल कॉइलमध्ये शिरतं. ट्यूबलाइट बंद करा, पंखा पूर्ण वेगावर न्या किंवा बंद करा, अ‍ॅम्पपासून दोन पावलं लांब उभे राहा. वीज गेली आणि खोली स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर आली, तर त्या वेळात सिंगल कॉइलबद्दल कोणतंही मत बनवू नका. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला तो याच त्रासावर उपाय म्हणून. शेजारी-शेजारी दोन कॉइल, वेढे उलट आणि चुंबकाचे ध्रुवही उलट, त्यामुळे बाहेरून आलेली घूं एकमेकींना खोडते आणि तारेचा आवाज मात्र जोडला जातो. जाड आवाज हा त्या उपायाबरोबर आलेला पाहुणा, आणि पुढे तोच घरमालक झाला.

केबल कोणत्या भोकात घालायची यालाही महत्त्व आहे. फेंडर पद्धतीच्या अ‍ॅम्पला एका चॅनेलवर दोन इनपुट असतात. पहिल्याचा विरोध १ मेगाओहम. दुसऱ्यात तो १३६ किलोओहमवर येतो, सिग्नल निम्मा होतो आणि पिकअपचा उंचवटा जवळपास झोपतो. सगळी तुलना पहिल्याच इनपुटवर करा. नंतर कर्कश टेलिकास्टर दुसऱ्यात घालून बघायला हरकत नाही, कधीकधी सगळं दुखणं तेवढ्यानेच जातं. ब्राइट स्विच बंद ठेवा. तो कपॅसिटर व्हॉल्यूमच्या नॉबवर बसलेला असतो, नॉब खाली असताना जोरात बोलतो आणि पूर्ण उघडल्यावर गप्प होतो. त्यामुळे हळू आवाजात कानाला टोचणारा पिकअप मोठ्या आवाजात अगदी सज्जन निघू शकतो.

ऐकायचं दोन फेऱ्यांत. पहिली फेरी स्वच्छ आवाजात, आणि गिटार बदलली की अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम हलवून दोन्हींची पातळी एकसारखी करायची. मोबाइलवरचं डेसिबल दाखवणारं अ‍ॅप यापुरतं पुरेसं आहे. हे केलं नाही तर जो पिकअप मोठा तोच ‘भारी’ वाटतो, याला भले भले फसतात. दुसऱ्या फेरीत अ‍ॅम्प फाटण्याच्या उंबरठ्यावर आणून ठेवा, म्हणजे हळू छेडलं तर स्वच्छ आणि जोरात मारलं तर कडा खरखरीत, आणि मग त्याच्या नॉबला हात लावू नका. आता पातळीतला फरक हाच ऐकायचा विषय आहे. हंबकर त्याच जागी आधी फाटेल, सिंगल कॉइल फटका बसल्यावरच फाटेल आणि लगेच सावरेल. पी-९० (गिब्सनचा जुना सिंगल कॉइल) मधेच कुठेतरी गुरगुरत राहील. मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज वेगळा आवरणारा नॉब) नसलेल्या अ‍ॅम्पमध्ये हे फाटणं मुख्यतः शेवटच्या व्हॉल्व्हांत होतं, म्हणून आवाज पुरेसा वर न्यावा लागतो. कानात घालायला बोळे बरोबर ठेवा.

दोन्ही फेऱ्यांत वाजवायचं तेच ठेवा. एक उघडा कॉर्ड संथ, मग मधल्या तारांवर एक सुरावट, मग एकच सूर लांबवून तो कसा विझतो ते. तुमच्या ठेवणीतल्या करामती नकोत, त्यात बोटंच ऐकू येतात. यानंतर गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणून सगळं पुन्हा. आवाज स्वच्छ होताना तो मेणचटही होतो का ते ऐका. नॉब खाली आला की त्याचा विरोध आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून वरचा भाग खातात. तसं होत असेल तर पिकअप बदलण्याआधी नॉबवर ट्रेबल ब्लीडचा, म्हणजे वरचा आवाज वाचवणारा, छोटा कपॅसिटर लावून घेणं काही रुपयांत होतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात तो कुठल्याही दुकानात मिळेल.

फोन एका जागी ठेवून सगळं रेकॉर्ड करा. स्पीकरच्या समोर नको, जरा बाजूला, आणि गिटार बदलली तरी फोन हलवू नका. प्रत्येक तुकड्याआधी तोंडाने सांगा कोणती गिटार, कोणता पिकअप, नॉब कितीवर. दुसऱ्या दिवशी मित्राला नाव सांगितलेला भाग गाळून, क्रम उलटापालटा करून लावायला सांगा, म्हणजे कोणती गिटार ते माहीत नसताना ऐकाल.

एवढं होऊनही पुलाकडचा पिकअप टोचतच असेल, तर तो खुशाल बदला. पिकअपची कॉइल गुंडाळून देणाऱ्या कारागिराला ‘किती के’ विचारू नका. इंडक्टन्स किती हेन्री, चुंबक कोणता आणि मेणात बुडवला आहे का, हे तीन प्रश्न विचारा. तुमचा अ‍ॅम्प कोणता, केबल किती मीटरची आणि पॉट किती केचे, हेही त्याला सांगा.